सहा तोंडांचा मुका साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना एक्स्टेंशन बोर्ड आहे. मला सहा तोंडं आहेत, एक मोठं बटण आहे आणि कोपऱ्यात एक लाल दिवा आहे, पण बोलायचं म्हणाल तर एकाही तोंडातून शब्द फुटत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग काय असणार? त्यात माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. कुणी पिन खोचली की मला लगेच वाटतं, आता ही वीज घेऊन हा माणूस करणार तरी काय?

मला एका इलेक्ट्रिशियनने त्याच्या दुकानात बनवलं. मोडक्या कपाटाच्या फळीची पेटी केली, वर पांढरा सनमायका चिकटवला, आतल्या वायरी पिळून पिळून घट्ट बसवल्या. मग मला उलटं धरून हलवलं आणि आत काही खुळखुळत नाही ना, ते कान लावून ऐकलं. "बनवावा तर असा," तो स्वतःशीच म्हणाला. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

सुरुवातीची वर्षं मी एका शिवणक्लासात काढली. तिथे सगळं सरळ होतं. इस्त्रीला वीज दिली की ती तापायची आणि कापडाच्या सुरकुत्या जायच्या. मशीनच्या मोटारीला दिली की शिवण पडायची. पुढे क्लास बंद पडला आणि मी दुकानात परत आलो. तिथून मला इलेक्ट्रिशियनच्या मोठ्या बहिणीने उचललं. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि सगळे तिला ताई म्हणायचे. सुट्टीच्या दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिला काही माणसं जमवायची होती, आणि त्या खोलीत भिंतीला वीज घ्यायला एकच जागा होती. तेव्हा माझ्याशिवाय तिचं पान हलणार नव्हतं.

खोलीच्या मधोमध एक लांब टेबल होतं. मी त्याच्या खाली जमिनीवर. वरून लॅपटॉपच्या वायरी लोंबत यायच्या आणि माझ्या तोंडांत शिरायच्या. मग वर टकटक सुरू व्हायची. तासन्‌तास टकटक, मधूनच कुणीतरी सुस्कारा टाकायचं, कुणीतरी "संदर्भ कुठाय?" असं पुटपुटायचं. मी वीज देऊन देऊन थकायचो. पण बाहेर काहीच पडायचं नाही. ना शिवलेला कपडा, ना दळलेलं पीठ. मला कळेना, ही माणसं माझी एवढी वीज नेतात कुठे?

हळूहळू उलगडा होत गेला. इंटरनेटवर म्हणे एक भलामोठा ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं खोडू शकतं. पगार कुणाला नाही. मला हे ऐकून हसूच आलं. फुकट लिहायचं आणि वर दुसऱ्याने खोडायचं, असला धंदा शहाणा माणूस करील का? पण ताईचं कारण ऐकलं आणि माझं हसू ओसरलं. एकदा तिच्या दुकानातल्या कुणीतरी तिला तिचं गाव विचारलं आणि गंमत म्हणून त्या ज्ञानकोशात शोधलं. तिथे एकच वाक्य होतं: "हे एक गाव आहे." पुढे काही नाही. तो माणूस हसत म्हणाला, "बरं झालं सांगितलं, आम्हाला वाटलं हत्ती आहे." ताई दुकानात हसली, पण ते तिच्या मनाला फार लागलं. आपल्या भागातली सगळी गावं, नद्या, शाळा अशा एकेका वाक्यावर उभ्या आहेत, हे तिने शोधून पाहिलं. आणि त्या दिवसापासून आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांचा एक गट बांधायचा, असं तिच्या डोक्यात बसलं.

गट म्हणजे काय, तर ताई धरून चार डोकी. मला डोकी दिसत नसत, पाय दिसत. पांढऱ्या सँडलवाली सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. कॅनव्हासचे बूट घालणारे ओव्हरसियर काका. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली होती आणि आता ते निवृत्त होते. आणि गाडी शिकवणारे मास्तर. या मास्तरांचा उजवा पाय कधी स्वस्थ नसायचा. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबायची सवय त्या पायाला इतकी लागली होती, की टेबलावर कुणी जोरात बोललं तरी खाली मास्तरांचा ब्रेक दाबला जायचा.

ताईने या गटाला एक विचित्र नियम घातला होता. ज्ञानकोशात लिहिताना प्रत्येकजण एक टोपणनाव घेतो. ते नाव खोलीत कुणी कुणाला सांगायचं नाही, अगदी ताईलाही नाही. आधी एक गट होता म्हणे, तो मोडला तो भिडेपोटी. वयाने मोठ्या माणसाने चुकीचं लिहिलं तरी कुणी हात लावेना. मागून कुजबुज आणि समोर गोड बोलणं. ताई म्हणायची, खोडताना माणूस डोळ्यांपुढे आला की हात अडखळतो. तेव्हा माणूस बघू नका, संदर्भ बघा. नियम मला पटला होता. पण मित्रांनो, नियम करणाऱ्याला त्यातून काय काय उगवेल, हे कुठे आधी दिसतं?

या खोलीत सगळ्यात जास्त जीव एकमेकांवर कुणाचा असेल, तर काका आणि सिस्टरचा. ती आली की आधी पिशवीतून यंत्र काढून काकांचं बीपी बघायची. ते तिला पोरी म्हणायचे आणि खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवायचे. दोघांचे लॅपटॉप जुने, दोघांच्या बॅटऱ्या मेलेल्या, वायर निघाली की जीव गेला. म्हणून दोघं कायम शेजारी, माझ्या शेजारशेजारच्या तोंडांत.

आणि हीच दोघं ज्ञानकोशात एकमेकांच्या उरावर बसली होती.

हे फक्त मला माहीत होतं. भांडण होतं गावाबाहेरच्या तळ्याच्या लेखावरून. सिस्टरने तिथे एक वाक्य लिहिलं होतं: "हे तळं खोदताना माती वाहण्याचं काम मुख्यतः बायकांनी केलं." काकांनी ते खोडलं. त्यांची अर्धी हयात त्या तळ्याचे दरवाजे दुरुस्त करण्यात गेली होती. आपल्या तळ्याबद्दल कुणी ऐकीव काहीबाही लिहावं, हे त्यांना खपेना. खात्याच्या छापील पुस्तिकेत "मजुरांनी खोदलं" एवढंच होतं, बायकांचं नावही नव्हतं. सिस्टरने वाक्य परत घातलं. काकांनी परत खोडलं. ती "पाणकोंबडी" या नावाने लिहायची आणि ते "जुनाभिडू" या नावाने.

तुम्ही विचाराल, तुला कसं कळलं? अहो, सोपं होतं. सिस्टरची टकटक थांबली की थोड्या वेळाने काका कण्हायचे, "आली परत ही पाणकोंबडी." मग काकांची टकटक. ती थांबली की सिस्टर दात आवळून म्हणायची, "हा जुनाभिडू हात धुऊन मागे लागलाय माझ्या." खरं तर दोघंही इतकं हळू पुटपुटायची, आणि काकांचे कान तर इतके जुने, की वर कुणाला काही ऐकू जात नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी खाली पडून रोज बघत होतो.

त्यात गंमत अशी, की दोघं आपलं दुःख एकमेकांनाच सांगायची. चहाच्या वेळी काका म्हणायचे, एक माणूस फार छळतोय गं, डोक्यावर मिरे वाटतोय. नियम म्हणून नाव नाही सांगायचे. सिस्टर त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत म्हणायची, काका, तसल्या माणसाच्या नादी लागू नका, तुमचं बीपी बघा किती वर गेलंय. आणि ती रडवेली झाली की काका तिला समजवायचे, कोण असेल तो उपटसुंभ, त्याला काय कळतंय, तू लिहीत राहा पोरी. मला वाटायचं, माझ्या सहापैकी एक तरी तोंड देवाने बोलतं द्यायला हवं होतं.

मग एक दिवस गंमत संपली. पाणकोंबडीने लेखाच्या चर्चा पानावर लिहिलं, की माझी आजी स्वतः त्या कामावर होती. चर्चा पान म्हणजे लेखामागची ओसरीच, जिथे वाद मांडायचे. त्यावर जुनाभिडूने उत्तर लिहिलं, आणि लिहिताना काका ते शब्द ओठातल्या ओठात म्हणत होते, म्हणून मला कळले: "आजी हा संदर्भ होत नाही."

त्या दुपारी सिस्टर लवकर उठली. दारात ताईला गाठून म्हणाली, की मला हे आता झेपत नाही, पुढच्या बैठकीनंतर मी येणार नाही. ताईने खूप विचारलं, तिने कारण सांगितलं नाही. आणि योग बघा, काकांनीही जाताना ताईला तेच ऐकवलं. या वयात अशी कटकट नको, डॉक्टरही ओरडतात.

ताई खुर्चीत बसून राहिली. पुढच्याच बैठकीला शेजारच्या प्रांतातल्या गटाच्या एक बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. गट टिकून आहे, माणसं नियमाने काम करतात, असं त्यांना दिसलं तर त्या शिफारस करणार होत्या आणि ताईच्या गटाला प्रादेशिक गट म्हणून मान्यता मिळणार होती. मग गावोगावी शिकवायला जाता आलं असतं, शाळांनी दारं उघडली असती. आणि आता चारातले दोघं निघाले होते. मास्तर आणि ती, दोघांच्या बैठकीला कोण गट म्हणणार? भाऊ तिला न्यायला आला तेव्हा ती त्याच्यासमोर रडली. तो चिडवायचा स्वभाव सोडेल तर शपथ. "तीन माणसं सांभाळता येईनात आणि निघालीस अख्खा प्रांत सांभाळायला," असं म्हणाला खरा, पण मग बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिला. मला फार वाईट वाटलं. ज्याला सगळं ठाऊक आहे त्यानेच गप्प बसायचं, याहून वाईट शिक्षा नाही.

बैठकीचा दिवस आला. दोघंही आली, ताईच्या शब्दाखातर, शेवटची म्हणून. पाहुण्या बाईंचे पाय टेबलाच्या टोकाला होते, साध्या चामडी चपलांतले. त्या फार बोलल्या नाहीत. माझ्या तोंडांत नेहमीच्या पिना शिरल्या आणि टकटक सुरू झाली. काकांची टकटक त्या दिवशी फार जोरात होती, हातोडी मारल्यासारखी. सिस्टरची अगदी हळू, मध्ये मध्ये थांबत. दोघं काय लिहितात, हे समजून घ्यायला मी किती आतुर होतो म्हणून सांगू.

मास्तरांनी कसल्याशा धरणाबद्दल प्रश्न काढला, त्यावर ताई जरा आवाज चढवून बोलली, आणि खाली मास्तरांचा उजवा पाय सवयीने दाबला गेला. नेमका माझ्या मोठ्या बटणावर.

माझा लाल दिवा विझला. ताईचा आणि मास्तरांचा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. काकांचा आणि सिस्टरचा काळा पडला.

"गेलं सगळं," काका कळवळून म्हणाले. "जेवणं झाल्यापासून बसून त्या पाणकोंबडीला उत्तर लिहीत होतो."

मग सिस्टरच्या खुर्चीचे पाय फरशीवर घासले.

"कोणाला?" तिने विचारलं.

काकांनी जीभ चावली असणार. नियम मोडला होता ना. पण सिस्टरनेच पुढे विचारलं, "काका, जुनाभिडू तुम्ही आहात?"

कॅनव्हासचे बूट जागच्या जागी थिजले. पांढऱ्या सँडल त्यांच्याकडे वळल्या. मास्तरांचा पाय अजून माझ्या बटणावरच होता, तो उचलायचंही त्यांना सुचेना. ताईने पाहुण्या बाईंकडे पाहिलं असेल आणि मनात म्हटलं असेल, संपलं. मलाही तसंच वाटलं.

मग काका बोलले. आवाज असा, की त्यांचाच वाटेना. "म्हणजे तुझी आजी होती त्या मातीवर?"

"होती," सिस्टर म्हणाली. "घमेल्याखाली चुंबळ ठेवून ठेवून तिच्या डोक्यावरचे केस गेले होते. मधोमध गोल टक्कल. मी लहानपणी त्यावरून हात फिरवायचे आणि तिला हसायचे. आता हसू येत नाही मला."

मित्रांनो, चुंबळ तुम्हाला माहीत आहे ना? डोक्यावर ओझं ठेवण्याआधी कापडाची वळी करून ठेवतात, ती. त्या एका शब्दावर काका हरले. त्यांनी स्वतः पाण्याच्या कामावर शेकडो डोकी पाहिली होती. ते खुर्चीतून उठले, दोन पावलं तिच्याकडे गेले आणि थांबले. मी किती वाईट लिहीत होतो ते तुला सांगवत नाही पोरी, म्हणाले. ती म्हणाली, मी ज्ञानकोशातलं खातं बंद करते एवढंच लिहीत होते. दोघं रडली, आणि मला ते रडणं ऐकून बरं वाटलं.

आता तुम्हाला वाटेल, काकांनी ते वाक्य लगेच परत घातलं असेल. छे. काका म्हणजे काकाच. डोळे पुसले आणि म्हणाले, "पण वाक्य आज नाही राहायचं. संदर्भ नाही."

"माहितीये मला," सिस्टर नाक ओढत म्हणाली. "पुस्तिकेत नाही म्हणून तर मी लिहिलं."

"मग छापून आणू. अजून कोणी आहेत का त्या कामावरच्या?"

तेव्हा मास्तर मध्येच बोलले. त्यांच्या सासूबाई त्याच कामावर होत्या आणि सासूबाईंच्या दोन मैत्रिणी अजून हयात होत्या. कुणी विचारलंच नाही कधी, म्हणून सांगितलं नाही, असं ते म्हणाले. बोलताना त्यांनी पाय उचलला, कुणीतरी वाकून माझं बटण दाबलं आणि माझा लाल दिवा लागला.

पाहुण्या बाई जाताना ताईने माफी मागायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे असंच भांडण झालं होतं. दोघं कोण ते आजवर कुणाला कळलं नाही, आणि ते पुन्हा आलेही नाहीत. तुमचे दोघं अजून आत बसलेत, ते बघा." ताईने आत पाहिलं. सिस्टर काकांच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती.

पुढचं मला बैठकांतल्या बोलण्यातून कळलं. काका, सिस्टर आणि मास्तर त्या म्हाताऱ्यांकडे गेले, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकांनी स्वतः जाऊन खातरजमा केली, मगच छापलं. ते छापून आल्यावर तळ्याच्या लेखात ते वाक्य परत आलं, खाली संदर्भासकट. घालणारा होता जुनाभिडू. आणि काही महिन्यांनी दूरवरच्या कुणीतरी ते खोडलं, तेव्हा सिस्टरच्या आधी काकाच खवळले. आता हात लावून दाखव म्हणावं, म्हणाले. त्या दिवशीही त्यांचं बीपी वाढलं, पण सिस्टर रागावली नाही.

मान्यता मिळाली. नवी माणसं आली. ताईने टोपणनाव लपवायचा तो नियम बदलला. खोडायचं तर खोडा, पण त्याआधी मान वर करून एकदा विचारा, एवढंच तिने ठेवलं. आणि माझं काय झालं म्हणता? वाचनालयाने खूश होऊन चारी भिंतींना विजेच्या जागा काढून दिल्या. माझी गरज संपली. मला वायर गुंडाळून कपाटात ठेवलं. वर जुन्या मासिकांचे गठ्ठे, अंगावर धूळ. भावाने बनवलेला म्हणून ताईने टाकून दिलं नाही, एवढीच काय ती कदर. माझ्यामुळे जमलेली माणसं मलाच विसरली, असं वाटून मी पुष्कळ कुढलो. खोटं कशाला बोलू?

कपाटातूनही मला ऐकू यायचं. टकटक तीच होती, पण मधलं बोलणं आटत चाललं होतं. चहाचे कप वाजायचे, ते एकेकटे. मला कळेना, माणसं वाढली आणि आवाज कमी कसा झाला?

मग एक दिवस कपाट उघडलं. मासिकांचे गठ्ठे बाजूला झाले आणि एका सुरकुतलेल्या हाताने मला बाहेर काढलं. काका होते. धूळ झटकत ते ताईला म्हणाले, "टेबल मध्ये घे पुन्हा. भिंतीला तोंड करून बसलं की पोरीची पाठ दिसते. पाठीशी काय भांडायचं?"

तेव्हा कुठे मला उमगलं, मी इतकी वर्षं वीज देऊन नेमकं काय घडवत होतो ते.

आता मी परत टेबलाखाली आहे. वायरीला जागोजाग चिकटपट्ट्या आहेत, एक तोंड कायमचं गेलंय. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा जुना बोर्ड तुमच्या घरी असेल तर त्याची पिन ओल्या हाताने काढू नका आणि वायर हिसडू नका, नीट धरून सोडवा. आणि पडद्यावरच्या एखाद्या नावाचा फार राग आला, तर लिहायच्या आधी त्या माणसाला एकदा विचारा, की बाबा रे, तुझी आजी कुठे होती?